स्नायूत पू झाल्यावर: साखर, डायलिसिस, केमो, एचआयव्ही असलेल्या घरांतून येणारे प्रश्न

सांगली-मिरज भागात मी मेडिसिनची डॉक्टर म्हणून काम करते. स्नायूच्या आत जंतुसंसर्ग होऊन पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमायोसायटिस, क्वचित दिसतो. पण ज्या घरात तो शिरतो, तिथली माणसं ओपीडीत, फोनवर, कधी रात्री अकराच्या मेसेजमध्ये त्याच त्या गोष्टी विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नावं-गावं काढली आहेत. औषधांची नावं आहेत ती तुम्हाला डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. मेडिकलमधून आणून घेण्यासाठी नाहीत.

१. पायोमायोसायटिस म्हणजे काय? गळूच ना ते?

गळू किंवा करट कातडीत होतं. ते लाल होतं, तोंड धरतं, फुटतं. इथे जंतू रक्तातून वाहत जाऊन मांडीच्या, कुल्ल्याच्या, पोटरीच्या किंवा कमरेच्या जाड स्नायूच्या पोटात उतरतात. वर स्नायूचं आवरण, त्यावर चरबी, त्यावर कातडी. आत वाटीभर पू साचला तरी वरून कातडी धडधाकट दिसू शकते. म्हणून 'पिकू दे, मग बघू' हा गळवाचा नियम इथे लावू नका.

आजार तीन टप्प्यांत जातो. पहिले दहा-पंधरा दिवस नुसतं दुखणं, बारीक कणकण आणि स्नायू लाकडासारखा घट्ट. सुई घातली तरी पू येत नाही. मग पू धरतो, ताप चढतो, ठणका लागतो. बहुतेक रुग्ण आमच्याकडे येतात ते या दुसऱ्या टप्प्यात. तिसऱ्यात जंतू रक्तभर पसरतात, रक्तदाब कोसळतो, किडनी-फुप्फुसं ओढली जातात. सगळी धडपड असते ती तिसऱ्या टप्प्याच्या आत रुग्णाला गाठण्याची.

२. स्नायूत असं सहसा होत नाही म्हणतात. मग आमच्याच माणसाला कसं झालं?

निरोगी स्नायू जंतूंना सहजी दाद देत नाही. जंतूंना वाढायला लोह लागतं आणि स्नायूतलं लोह मायोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं. मुका मार लागला, स्नायू अतिश्रमाने फाटला, आत रक्त साकळलं, की ते लोह मोकळं होतं. त्याच वेळी कातडीवरच्या एखाद्या फोडातून, दातातून किंवा डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात आलेले असतील, तर त्यांना तिथे आयतं घर मिळतं. बऱ्याच रुग्णांना आधी मार लागल्याचं आठवतं. बऱ्याच जणांना काहीच आठवत नाही, तेव्हा 'मार लागला नव्हता' एवढ्यावरून हा आजार नाही असं ठरवता येत नाही.

या आजाराचं वर्णन १८८५ साली जपानमध्ये काम करणाऱ्या स्क्रिबा या जर्मन शल्यविशारदाने केलं. पुढे उष्ण प्रदेशांत तो जास्त दिसला म्हणून 'ट्रॉपिकल' हे विशेषण चिकटलं. आता थंड देशांतही तो आढळतो, आणि तिथे तो मुख्यतः प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांनाच होतो.

३. जास्त धोका कोणाला?

ताब्यात नसलेली साखर, डायलिसिस, केमोथेरपी, रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टेरॉइड, उपचाराविना वाढलेला एचआयव्ही, लिव्हर सिरॉसिस, कुपोषण. ऊसतोडीच्या हंगामात फडावर आलेल्या माणसांत यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात: अपुरं खाणं, रोजचे काप-खरचटणं आणि दुखणं अंगावर काढण्याची सक्ती. खाडा पडला तर दिवसाची मजुरी जाते, म्हणून दवाखाना लांबतो. त्यांच्या मुकादमांनी आणि आशाताईंनी हे पान वाचावं असं मला मनापासून वाटतं.

तगडा तरुणही सुटत नाही. तालमीत मेहनत करणाऱ्या पोरांना अतिश्रम, मुका मार आणि एकमेकांच्या अंगावरून आलेले फोड हे तिन्ही मिळतात.

४. लचक, मुका मार आणि हा आजार यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

पूर्ण खात्रीने घरी ओळखता येत नाही. मात्र दिशा कळते. मुका मार किंवा लचक पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त दुखते आणि मग रोज थोडी उतरते. पायोमायोसायटिस उलट चालतो: आज दुखतं, उद्या जास्त, चौथ्या दिवशी झोप लागू देत नाही. लचक हालचालीला दुखते. पुवाचा ठणका निजल्यावरही थांबत नाही. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून हाताने चाचपा. एक मऊ आणि दुसरी कच्च्या फळासारखी घट्ट लागली, बोटाने दाखवता येईल अशा एका जागी दाबल्यावर माणूस कळवळला, तर ती नुसती लचक समजू नका.

लाली शोधत बसू नका. संसर्ग खोल असतो, शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर लाली उशिरा कळते.

माझा नियम असा आहे: प्रश्न ३ मधला रुग्ण, एकाच स्नायूत वाढत जाणारं दुखणं आणि सोबत ताप किंवा कणकण. हे तिन्ही जुळलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी. पोटरी सुजली असेल तर शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का तेही त्याच सोनोग्राफीत बघून घेतात.

५. आईची कंबर दुखते, जांघेत कळ येते, पाय सरळ करता येत नाही. मणक्याची गादी सरकली असेल का?

गादी सरकल्यावर ताप येत नाही. ताप आणि पाय पोटाशी घेऊन झोपण्याची धडपड हे सोबत असेल तर सोआस या स्नायूचा विचार करा. हा स्नायू कमरेच्या मणक्यापासून पोटाच्या मागून जांघेपर्यंत उतरतो. त्यात पू झाला की पाय ताठ करताना तो ताणला जातो आणि कळ येते. उजव्या बाजूला असेल तर अपेंडिक्ससारखं भासतं.

आपल्याकडे या जागी क्षयरोगाचा थंड पूही होतो, बहुधा मणक्याच्या क्षयातून उतरलेला. तो आठवड्यांत नव्हे, महिन्यांत वाढतो. ताप संध्याकाळी बारीक असतो, वजन उतरतं, ठणका कमी असतो. बाहेरून दोन्ही सारखे वाटू शकतात आणि उपचार मात्र पूर्ण वेगळे. फरक ठरतो तो पू तपासल्यावर (प्रश्न ९). क्षय निघाला तर औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते.

६. ताप नाही, पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नाहीत. मग संसर्ग नाहीच ना?

ताप येणं, पेशी वाढणं, सूज येणं ही प्रतिकारशक्तीची कामं आहेत. ती शक्तीच दुबळी असेल तर खुणाही दुबळ्या येतात. स्टेरॉइडवरच्या माणसाचा ताप स्टेरॉइड दाबून ठेवतं. केमोनंतर वाढायला पेशीच उरलेल्या नसतात. म्हातारी माणसं तापाऐवजी एकाएकी जेवण सोडतात, बडबडतात किंवा अंथरूण धरतात. दुखऱ्या जागेसाठी सतत पॅरासिटामॉल घेतली असेल तरी ताप दिसत नाही. साखर विनाकारण तीनशे-चारशेवर गेली असेल तर ते आतल्या संसर्गाचं लक्षण असू शकतं.

७. स्नायूचा आजार, पण स्नायूचा सीपीके नॉर्मल आला. असं कसं?

सीपीके म्हणजे स्नायूचे तंतू तुटले की रक्तात वाढणारा घटक. या आजारात तसंच येतं. सीपीके नॉर्मल किंवा किंचितच वाढलेला असतो, कारण इथे स्नायूचे तंतू सरसकट तुटत नाहीत, त्यांच्यामध्ये पू साचतो. सीपीके हजारोंनी वाढला असेल तर व्हायरल मायोसायटिस, लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा ताप (प्रश्न २१), कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा त्रास किंवा स्नायू कुजण्याचा तातडीचा प्रकार (प्रश्न १८) डोळ्यांसमोर आणावा लागतो.

सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला घटक) बहुधा चढलेला असतो. तो निदान करत नाही, पण उपचार लागू पडतोय का ते सांगतो. रक्ताचं कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणं) जरूर करावं, मात्र ते साधारण ५ ते ३० टक्के रुग्णांतच पॉझिटिव्ह येतं. ते निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

८. सोनोग्राफी पुरेशी आहे की एमआरआय करायचाच?

सोनोग्राफी आधी. ती तालुक्याच्या गावी मिळते, स्वस्त आहे, आणि त्याच वेळी सुई घालून पू काढता येतो. तिची उणीव पहिल्या टप्प्यात कळते: स्नायू सुजलाय पण पू धरलेला नाही, तेव्हा रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. दुखणं वाढतच असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा किंवा थेट एमआरआयकडे जा.

एमआरआय यात सगळ्यात खात्रीचा. सूज कुठवर आहे, पू किती कप्प्यांत आहे, हाडाला लागण झाली आहे का, हे तो सांगतो. सोआस, कुल्ल्याचा खोल भाग आणि पाठीचे स्नायू यांसाठी मी तो टाळत नाही. किडनी खराब असेल तर रंगाचं इंजेक्शन न देताही एमआरआय बरंच काही दाखवतो. रुग्ण अत्यवस्थ असेल किंवा पोटातला दुसरा आजार शंकेत असेल तर सीटी लवकर होतो. एक लक्षात असू द्या: काही रुग्णांत एकाहून अधिक स्नायूंत पू असतो. दुसरीकडे कुठे दुखत असेल तर स्वतःहून सांगा.

९. पू काढला, आता बरं वाटेल. तो तपासायला कशाला पाठवायचा?

या सगळ्या पानातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर मी इथे लिहितेय. उमेदवारीच्या काळात एका साखरेच्या रुग्णाच्या मांडीतून भरपूर पू निघाला. तो सगळा बादलीत गेला. ड्रेसिंग झालं, नेहमीची अँटिबायोटिक चालू झाली. तीन आठवड्यांनी ताप तसाच, मांडी पुन्हा भरलेली. दुसऱ्यांदा पू काढला तेव्हा तो क्षयाचा निघाला. पहिल्याच दिवशी दोन मिली पू बाटलीत गेला असता तर त्या माणसाचे तीन आठवडे वाचले असते. तेव्हापासून चिरा घेणाऱ्या प्रत्येक सर्जनला मी आधी फोन करून सांगते: पू टाकू नका.

आपल्याकडे बहुतेक वेळा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ, असतो. उष्ण प्रदेशांत दहातल्या नऊ रुग्णांपर्यंत तोच. पण दुबळ्या शरीरात उरलेला दहावा बरेचदा सापडतो. तो कोण हे पूच सांगतो.

म्हणून चार गोष्टी मागा. एक, रुग्ण स्थिर असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्ताचं कल्चर दोन वेगळ्या जागांहून घ्यावं आणि शक्य तर पूही. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात मात्र औषध थांबवून ठेवायचं नाही. दोन, पू सिरिंजमध्ये किंवा निर्जंतुक डबीत जावा; कापसाच्या काडीवर फार थोडे जंतू येतात. तीन, कल्चरचा नमुना फॉर्मलिनमध्ये टाकू नये. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होतच नाही. बायोप्सीचा तुकडा असेल तर एक भाग फॉर्मलिनमध्ये, एक सलाईनमध्ये. चार, चिठ्ठीवर स्पष्ट लिहावं: ग्रॅम स्टेन, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी, क्षयासाठी सीबीनॅट, आणि प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर बुरशी व नोकार्डिया या हळू वाढणाऱ्या जंतूसाठी कल्चर जास्त दिवस ठेवावं.

आणखी एक. निदानाआधी लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी आठवडाभर घेतली तर क्षयाचे जंतू अर्धवट दबतात आणि तपासणीत हुलकावणी देतात. काय काय घेतलंय ते लपवू नका, मोकळं पाकीटच आणा.

१०. कल्चरमध्ये वेगळंच नाव आलंय. घाबरायचं का?

नाव कळलं हे चांगलंच झालं. साखरेच्या रुग्णात क्लेबसिएला आला तर यकृतात पू नाही ना हे बघावं, कारण या जंतूचं ते आवडतं ठिकाण. सिरॉसिसच्या रुग्णात पाण्यातला एरोमोनास येतो. सिकलसेल असलेल्यांत साल्मोनेला. स्टेरॉइड किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णात नोकार्डिया, ज्याचा उपचार महिनोन्महिने चालतो.

बर्खोल्डेरिया स्युडोमॅलाय हे नाव विशेष लक्षात ठेवा. या आजाराला मेलिऑइडोसिस म्हणतात. जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, शेतात राबणाऱ्या साखरेच्या रुग्णांना गाठतो. कर्नाटकच्या किनारपट्टीवर तो ओळखीचा आहे आणि सांगली जिल्हा कर्नाटकाला लागूनच आहे. प्रयोगशाळेत तो साधा स्युडोमोनास म्हणून खपून जाऊ शकतो. उपचार म्हणजे सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान दोन आठवडे आणि पुढे किमान तीन महिने कोट्रायमोक्झाझोल. गोळ्या मध्ये सोडल्या तर तो उलटतो.

११. चिरा द्यावाच लागतो का? गोळ्यांनी भागणार नाही?

पू धरलेला नसेल तर नुसत्या अँटिबायोटिकवर भागू शकतं. पू झाला की तो बाहेर काढावा लागतो, कारण साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. बऱ्याचदा सोनोग्राफीत बघत सुई किंवा बारीक नळी घालून काम होतं. पू घट्ट असेल, कप्पे असतील, स्नायू मेलेला असेल तर भूल देऊन उघडावं लागतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी सांगा.

१२. कोणती औषधं आणि किती दिवस?

साध्या स्टॅफसाठी सेफाझोलिन किंवा फ्लुक्लॉक्सासिलिन. एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ असेल तर व्हँकोमायसिन, लिनेझोलिड किंवा डॅप्टोमायसिन. दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णात सुरुवात अनेक जंतूंवर चालणाऱ्या औषधांनी करतात, म्हणजे व्हँकोमायसिनसोबत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम. दोन-तीन दिवसांत कल्चर आलं की नेमक्या औषधावर यायचं. हे नेमकं करणं राहून जातं. साधा स्टॅफ निघाला असताना व्हँकोमायसिन चालू ठेवणं हा कमजोर उपचार आहे. सेफाझोलिन त्याहून चांगलं काम करतं आणि किडनीलाही सोसतं.

एकूण दोन ते तीन आठवडे, दुबळ्या रुग्णात बहुधा चार किंवा जास्त. सुरुवात शिरेतून, ताप उतरला, रक्त स्वच्छ झालं की गोळ्या. लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे गेली तर दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, प्लेटलेट उतरतात. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर ती देण्याआधी सांगा. डॅप्टोमायसिन चालू असताना आठवड्याला सीपीके बघावा, कारण ते औषध स्वतः स्नायूला इजा करू शकतं.

१३. वडील आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. त्यांच्यात काय वेगळं?

तीन गोष्टी. मानेतली नळी हाच जंतूंचा दरवाजा असू शकतो. रक्तात स्टॅफ सापडला तर ती काढण्याचा विचार होतो. दुसरं, स्टॅफ रक्तात असेल तर हृदयाच्या झडपांवर बसला नाही ना यासाठी इको आणि रक्त स्वच्छ होईपर्यंत पुन्हा पुन्हा कल्चर. तिसरी गोष्ट दिलाशाची: सेफाझोलिन आणि व्हँकोमायसिन डायलिसिस संपताना देता येतात, त्यामुळे रोज सुई टोचावी लागत नाही. ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) आहे त्यातून रक्त काढू देऊ नका.

१४. केमो चालू आहे, पेशी ५०० च्या खाली आहेत. मांडी दुखते पण सोनोग्राफीत पू नाही म्हणाले.

पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. पेशीच नसतील तर पू कुठून होणार? अशा रुग्णात एमआरआय करावा आणि अँटिबायोटिक तासाभरात चालू व्हावं. पेशी वाढू लागल्यावर तीच जागा अचानक सुजून पू धरू शकते. आजार बिघडला असं वाटतं, पण शरीर लढायला लागल्याची ती खूण असू शकते. सोनोग्राफी पुन्हा करा.

मार न लागता एकाएकी असह्य वेदना सुरू झाल्या तर प्रश्न १८ आत्ता वाचा. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा जंतू आतड्याच्या कर्करोगात किंवा पेशी संपलेल्या रुग्णात आतड्यातून थेट स्नायूत उतरतो.

१५. एचआयव्ही आहे. एआरटीच्या गोळ्या थांबवायच्या का? दवाखान्यात सांगायला भीती वाटते.

गोळ्या थांबवू नका. नवीन औषधं एआरटीशी जुळतात का ते केंद्रातल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, विशेषतः क्षयाची औषधं सुरू होणार असतील तर.

भीती मी समजू शकते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी आणि उपचारात भेदभाव यांना मनाई आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. पण ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपली तर नुकसान तुमचं होतं, कारण शोधायच्या जंतूंची यादीच बदलते. उलट, तरुण माणसाला काही कारण नसताना हा आजार झाला तर एचआयव्ही आणि साखर या दोन्ही चाचण्या मी समजावून, विचारून करून घेते.

१६. साखर जुनी आहे. मांडी सुजली, दुखते, पण पू निघाला नाही. डॉक्टर 'कापू नका' म्हणाले. बरोबर आहे का?

बरोबर असू शकतं. जुन्या, किडनी-डोळ्यांपर्यंत पोचलेल्या साखरेत मांडीच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरतो. तिथे जंतू नसतात. ताप बहुधा नसतो, एमआरआय मदत करतो. चिरा दिला तर जखम भरायला उगाच वेळ लागतो. विश्रांती, वेदनाशामक आणि साखरेचा ताबा हाच उपचार.

संसर्ग असेल तर मात्र काही दिवस इन्सुलिन लागतं. ते कायमचं चिकटेल ही भीती सोडा. कोणत्या गोळ्या तात्पुरत्या बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारा.

१७. संधिवातासाठी स्टेरॉइड चालू आहे. संसर्ग झाला म्हणून बंद केलं तर?

एका दिवसात बंद करू नका. महिनोन्महिने स्टेरॉइड घेणाऱ्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळतो. गंभीर आजारात उलट काही दिवस डोस वाढवावा लागतो. काही दुकानांतून मिळणाऱ्या 'सांधेदुखीच्या पुड्यां'मध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्या घेतल्या असतील तर तेही सांगा.

१८. कोणत्या लक्षणांवर सकाळची वाट बघायची नाही?

दिसणाऱ्या सुजेच्या मानाने वेदना भलतीच जास्त. सूज तासातासाला पुढे सरकतेय. कातडी तांबूस-काळपट होतेय, पाण्याचे फोड येताहेत. दाबल्यावर पापड मोडल्यासारखी चुरचुर लागते. आधी भयंकर दुखणारी जागा एकदम बधिर झाली. बडबड, धाप, थंड घाम, लघवी कमी. यातलं एकही असेल तर गॅस गँगरीन किंवा स्ट्रेप्टोकॉकसचा स्नायू कुजवणारा प्रकार असू शकतो. इथे वेळ तासांत मोजतात. १०८ ला फोन करा आणि जिथे रात्री सर्जन व भूलतज्ज्ञ आहेत तिथेच थेट जा. मेलेला स्नायू ताबडतोब काढणं हा मुख्य उपचार. सोबत पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन, ज्यातलं दुसरं जंतूंचं विष बनणं रोखतं. एमआरआयसाठी ऑपरेशन लांबवायचं नसतं.

१९. चार वर्षांचं पोर ताप आल्यापासून लंगडतंय.

दोन्ही पोटऱ्या दुखत असतील, नुकताच सर्दी-ताप होऊन गेला असेल आणि पोर हसतं-खेळतं असेल तर बहुधा व्हायरल मायोसायटिस. काही दिवसांत आपोआप जातो. एकच पाय, ताप टिकून, खुब्याला हात लावू देत नाही, असं असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे. खुब्याच्या सांध्यातला पू आणि सांध्याभोवतीच्या खोल स्नायूंतला पू बाहेरून सारखेच दिसतात.

२०. कुल्ल्यावर इंजेक्शन घेतलं होतं. महिन्याने गाठ आली, चिरा दिला, तरी वाहतंच आहे.

इंजेक्शननंतर आठवडाभरात ठणकणारी गाठ बहुधा स्टॅफची असते. महिना-दोन महिन्यांनी आलेली, कमी दुखणारी, चिरा देऊनही न भरणारी गाठ असेल तर क्षयाच्या कुळातल्या पाण्यातल्या जंतूंचा, म्हणजे एनटीएमचा संशय घ्या. साध्या कल्चरमध्ये 'जंतू नाहीत' असं येतं. एनटीएम कल्चर मुद्दाम सांगावं लागतं. क्षयाची नेहमीची औषधं याला बहुधा लागू पडत नाहीत. पुन्हा पुन्हा चिरे देत बसण्यापेक्षा एकदा नीट नमुना पाठवा. आणि कृपा करून अंगदुखीसाठी 'सुई मारा' असा आग्रह धरू नका; गोळीने भागतं तिथे सुई नको.

२१. पुराच्या पाण्यातून चाललो, आता पोटऱ्या दुखतात आणि ताप आहे. हाच आजार?

आधी लेप्टोचा विचार. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णाकाठच्या माणसांना हे सांगावं लागत नाही. लेप्टोत दोन्ही पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, कावीळ होऊ शकते, लघवी कमी होते, सीपीके वाढतो. पू होत नाही, चिरा लागत नाही. वेळेवर अँटिबायोटिक घेतली की बरा होतो. पण पाण्यात पाय कापला असेल आणि एकच पाय सुजत असेल तर स्नायूच्या संसर्गाची शक्यता धरा, आणि डॉक्टरांना 'पुराच्या पाण्यात होतो' हे आधी सांगा. सिरॉसिस असलेल्यांनी अशा पाण्यात उतरूच नये.

२२. शेक, मालीश, पोटीस, बिब्बा? आणि भाताने पू वाढतो का?

ताप असलेल्या दुखऱ्या स्नायूला मालीश नको. पू रगडल्याने पसरतो. बिब्ब्याने कातडी भाजते आणि साखरेच्या रुग्णाला नवी जखम होते. कोमट शेकाने बरं वाटतं, पण त्या बऱ्या वाटण्यात दोन दिवस जातात.

भाताने, बटाट्याने पू होत नाही. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, डाळ, दूध, मासे जे चालतं ते द्या. डायलिसिसच्या रुग्णांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून घ्यावं. पथ्याच्या नावाखाली आठ दिवस भाकरी आणि पाण्यावर ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या जखमा भरतच नाहीत.

२३. पू काढून पाच दिवस झाले, ताप उतरत नाही. औषध बदलायचं का?

औषध बदलण्याआधी पुन्हा बघा. बहुधा कुठेतरी पू उरलेला असतो: वेगळ्या कप्प्यात, दुसऱ्या स्नायूत, हाडात, झडपेवर. सोनोग्राफी किंवा एमआरआय पुन्हा करा, रक्ताचं कल्चर पुन्हा पाठवा. मग जंतू आणि औषध जुळतंय का, डोस वजन-किडनीप्रमाणे आहे का. शेवटी क्षय, बुरशी किंवा गाठीचा कर्करोग यांचा विचार. स्नायूतली कर्करोगाची गाठही कधी गळवासारखी भासते, म्हणून शंका असेल तर बायोप्सी.

२४. घरातल्यांना लागेल का? पुन्हा होईल का?

स्नायूतला आजार हवेतून पसरत नाही. जखमेतल्या पुवाने मात्र स्टॅफ दुसऱ्याच्या कातडीवर जातो. ड्रेसिंगआधी-नंतर साबणाने हात धुवा, टॉवेल-दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा. प्रतिकारशक्ती सुधारली नाही तर पुन्हा होऊ शकतो. घरात सारखे फोड येत असतील तर नाकात म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिनने अंघोळ असा काही दिवसांचा उपाय डॉक्टर सुचवतात.

२५. आम्ही जतला राहतो, मेहुणे पाटणला. जायचं कुठे, खर्चाचं काय, सोबत काय न्यायचं?

पहिली सोनोग्राफी जवळ मिळेल तिथे करा. पू असेल किंवा रुग्ण दुबळा असेल तर मोठं रुग्णालय: सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचं कृष्णा रुग्णालय. निघण्याआधी फोन करून सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट आहेत का ते विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार त्यात बसतो का ते दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा.

सोबत आधीच्या सगळ्या फायली, चालू औषधांची पाकिटं, डायलिसिस किंवा केमोचं कार्ड, सोनोग्राफीची फिल्म. पू आधीच काढलेला असेल तर तो कोणत्या तारखेला, कोणत्या प्रयोगशाळेत पाठवला याची पावती आणि त्या प्रयोगशाळेचा फोन नंबर. कल्चरचा रिपोर्ट कधीकधी तिथे टेबलावर तयार पडलेला असतो आणि इकडे आम्ही अंदाजाने औषध देत असतो.